नाताळात लहान मुलांना घेऊन परदेशी जाताना: विदर्भातील गावाकडच्या कुटुंबांसाठी

नाताळच्या दिवसांत लेकरांना घेऊन परदेशी जाण्याचा विचार घरात पक्का झाला, की पहिली चर्चा देशाची होते. त्याऐवजी घरातील सर्वांत लहान मुलाचे वय आणि गावापासून विमानतळापर्यंतचा रस्ता या दोन गोष्टी आधी विचारात घ्याव्यात, कारण तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्या कुटुंबाला खरा थकवा विमानात येत नाही, विमानात बसण्यापूर्वीच येतो. वणी, दर्यापूर, मेहकर किंवा ब्रह्मपुरीच्या आसपासच्या खेड्यातून निघालेले चार वर्षांचे मूल मुंबईच्या विमानतळावर पोहोचते, तेव्हा त्याचा एक दिवस आणि एक रात्र खर्ची पडलेली असते. पुढचा सारा कार्यक्रम या हिशेबावर बेतला, तर सहल सुखाची होते.

केव्हा जावे

जिल्हा परिषदेच्या आणि राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांना नाताळची सुट्टी २५ डिसेंबरपुरतीच असते. लांब सुट्टी दिवाळीला मिळते. सीबीएसईच्या आणि मिशनऱ्यांच्या अनेक शाळा मात्र वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात बंद असतात. ज्यांना शाळेतून रजा घ्यावीच लागणार आहे, त्यांनी २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या आठवड्यात विमानाचे तिकीट आणि हॉटेलचे भाडे वर्षातील सर्वांत चढे असते. उलट सिंगापूरच्या ऑर्चर्ड रोडवरील नाताळची रोषणाई नोव्हेंबरमध्येच सुरू होत असल्यामुळे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलेल्या मुलालाही तीच रोषणाई पाहायला मिळते. पहिली-दुसरीतील मुलाचे आठवडाभरात फारसे नुकसान होत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाची तारीख मात्र आधी विचारून घ्यावी. नाचात भाग घेतलेल्या मुलीला त्या दिवशी परदेशात ठेवणे म्हणजे सहलभर रडणे ओढवून घेणे होय.

शेतीचे वेळापत्रकही याच दिवसांत भरगच्च असते. कपाशीची वेचणी चालू असते, तूर काढणीला येत असते, गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे असते आणि विजेची पाळी रात्रीची असली, तर वावरात कोणीतरी जाणे भागच असते. मजुरांचा चुकारा, गुराढोरांचे दूध आणि ओलिताची पाळी कोण सांभाळणार, हे भावाशी किंवा शेजाऱ्याशी बोलून ठरल्याखेरीज तिकीट काढू नये. सहलीचा खर्च घरात पडून असलेल्या, अजून न विकलेल्या कापसावर टाकणेही धोक्याचे आहे. भाव वाढण्याची वाट पाहत माल ठेवायचा असेल, तर सहलीच्या तारखेमुळे तो घाईने विकण्याची पाळी येते. त्यापेक्षा सोयाबीनचा पैसा हाती आल्यावर जेवढे जमेल, तेवढ्याच खर्चाची सहल आखावी.

कागदपत्रे: मृगाची पेरणी आटोपली की सुरुवात

कडेवरच्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. आईच्या पासपोर्टवर त्याला नेता येत नाही. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी मिळतो आणि साध्या अर्जाचे मूळ शुल्क एक हजार रुपये आहे. संपूर्ण विदर्भ नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो, पण त्यासाठी दरवेळी नागपूर गाठावे लागत नाही. अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी मुख्य टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे आणि अर्ज भरताना जवळचे केंद्र निवडता येते. अर्जासोबत ‘अ‍ॅनेक्शर डी’ हे दोन्ही पालकांच्या सहीचे घोषणापत्र जोडावे लागते. चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरूनच काढून न्यावा लागतो. आईवडिलांचे पासपोर्ट आधीच तयार असले, तर मुलाच्या अर्जाची पोलीस पडताळणी बहुधा टळते, म्हणून मोठ्यांचे अर्ज आधी करावेत.

बहुतेकांचे काम अडते ते जन्माच्या दाखल्यावर. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता केवळ जन्माचा दाखलाच चालतो. हा दाखला मूल जेथे जन्मले, त्या ठिकाणच्या निबंधकाकडून मिळतो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग होत नाही. आजोळच्या ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत किंवा ज्या सरकारी रुग्णालयात बाळंतपण झाले तेथे चौकशी करावी लागते. नोंद करताना बाळाचे नाव ठरलेले नसेल, तर दाखल्यात नावाचा रकाना रिकामाच असतो. बारशानंतर नाव घालून घेण्याचे राहून गेले असले, तरी जन्माच्या नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत ते विलंबशुल्क भरून घालता येते. मुलाचे, वडिलांचे आणि आईचे नाव दाखल्यावर, आधारवर आणि पालकांच्या पासपोर्टवर अक्षरशः सारखे आहे का, हे इंग्रजी स्पेलिंगसह पडताळून पाहावे. एका ठिकाणी आईचे माहेरचे आडनाव आणि दुसऱ्या ठिकाणी सासरचे, ही तफावत घराघरांत सापडते आणि ती दुरुस्त करण्यात महिने जातात. म्हणूनच हे काम पावसाळ्यात सुरू करून पोळ्यापर्यंत संपवावे.

पासपोर्ट हाती आल्यावर त्यावर नाव ज्या क्रमाने छापले आहे, त्याच क्रमाने तिकीट काढावे. आपल्या पद्धतीत मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव येते आणि पासपोर्टवर ही दोन्ही नावे बहुधा एकाच रकान्यात असतात. घाईत वडिलांचे नाव गाळून काढलेल्या तिकिटामुळे विमानतळावर वाद उभा राहतो. मोठ्यांचे जुने पासपोर्ट असतील, तर परतीच्या तारखेनंतर त्यांची किमान सहा महिने मुदत शिल्लक आहे, याची खात्री करावी. दहावी उत्तीर्ण नसलेल्या पालकाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे परदेशी कामाला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी आवश्यक, असा शेरा असू शकतो. ती अट परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, सहलीला तिची आडकाठी होत नाही, मात्र परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण कागदावर छापून हाताशी ठेवावे. मुले एकट्या आईबरोबर किंवा मामा-काकांबरोबर जाणार असतील, तर मागे राहणाऱ्या पालकाचे नोटरी केलेले इंग्रजी संमतीपत्र सोबत असावे.

सहल कंपनीकडून पॅकेज घेतल्यास रकमेवर टीसीएस नावाचा कर आगाऊ वसूल केला जातो आणि त्यासाठी पॅन लागतो. ज्यांचे उत्पन्न केवळ शेतीचे आहे आणि जे कधी आयकर विवरणपत्र भरत नाहीत, त्यांना हा पैसा बुडाला असे वाटते; प्रत्यक्षात विवरणपत्र भरले की तो परत मिळू शकतो. कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

कोठे जावे

आठ वर्षांखालील मुले बरोबर असतील, तर उबदार, जवळचा देश आणि त्यातही एकच शहर निवडावे. पाच-सहा रात्री एकाच हॉटेलात काढाव्यात. तीन देश सात दिवसांत दाखवणाऱ्या सहली मोठ्यांनाही दमवतात आणि मुलाच्या लक्षात शेवटी हॉटेलचा पोहण्याचा तलावच राहतो.

सिंगापूर स्वच्छ, सुरक्षित आणि बाबागाडीला सोयीचे आहे. डिसेंबरमध्ये तेथे ईशान्य मोसमी पाऊस असतो, म्हणून रोज दुपारी छताखाली जाता येईल असे एक ठिकाण कार्यक्रमात असावे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. घरी सकाळी सातला उठणारे मूल तेथे साडेनऊला उठेल आणि रात्री उशिरापर्यंत जागे राहील. रोषणाई रात्रीच पाहायची असल्यामुळे ही गोष्ट पथ्यावरच पडते. दुबईचे घड्याळ दीड तास मागे असल्यामुळे तेथे याच्या उलट घडते. मुले पहाटे साडेपाचला उठून बसतात आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी पेंगतात. दुबईतील डिसेंबरची हवा मात्र सुरेख असते. ३१ डिसेंबरच्या रात्री बुर्ज खलिफाच्या परिसरात लहान मुलांना घेऊन जाऊ नये. रस्ते आणि जवळचे मेट्रो स्थानक संध्याकाळीच बंद केले जाते आणि बाहेर पडायला पहाट होते.

थायलंडला जाणाऱ्यांनी किनारा नीट निवडावा. फुकेत आणि क्राबीच्या बाजूला डिसेंबरमध्ये पाऊस ओसरलेला असतो, तर सामुई बेटाच्या बाजूला तो महिना ओला जाऊ शकतो. श्रीलंकेतही नैर्ऋत्य किनारा या दिवसांत चांगला, पूर्व किनारा पावसाचा. नेपाळला पासपोर्ट नसला तरी मोठ्यांना मतदार ओळखपत्र आणि पंधरा वर्षांखालील मुलांना आधार कार्ड चालते, म्हणून अनेकांना तो सोपा वाटतो. परंतु डिसेंबरात गोरखपूरकडील रेल्वेगाड्या आणि तराईतील रस्ते धुक्याने अडतात. गाडीने जाऊन थंडीत सीमेवर मुलांसह ताटकळण्यापेक्षा नेपाळ उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा.

खरा बर्फाळ नाताळ पाहण्यासाठी युरोपचा आग्रह धरणाऱ्यांनी काही गोष्टी आधी जाणून घ्याव्यात. जर्मनीतील बहुतेक नाताळ बाजार २४ डिसेंबरपर्यंत आवरले जातात आणि २५ व २६ तारखेला दुकाने बंद असतात. लंडनमध्ये २५ डिसेंबरला भुयारी रेल्वे आणि शहरातील बस दोन्ही धावत नाहीत. फिनलंडमधील रोव्हानिएमी येथे सांताक्लॉजचे गाव आहे खरे, पण त्या दिवसांत तेथे जेमतेम दोन तासांचा दिवस असतो आणि पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरू शकतो. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांसाठी मिळून असलेल्या एकाच व्हिसाचे, शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे आणि सहा वर्षांखालील मुलांना माफ आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि नाताळासाठी तो ऑगस्टमध्येच केलेला बरा.

व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, त्यामुळे शेजाऱ्याने गेल्या वर्षी काय केले यावर न विसंबता त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे. सिंगापूरच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीस दिवसांच्या आतच करता येतो. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या तिन्ही देशांत पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचे, तान्ह्या बाळाचेही, आगमन कार्ड ऑनलाइन भरावे लागते. गावात नेटवर्क खेळ करत असेल, तर हे काम तालुक्याच्या ठिकाणीच उरकून छापील प्रत घ्यावी.

गावापासून विमानापर्यंत

नागपूरहून आखातात दुबईशेजारच्या शारजाला आणि कतारमधील दोह्याला थेट विमाने जात आली आहेत, म्हणून दुबईला जाणाऱ्यांनी आधी नागपूरचे वेळापत्रक पाहावे. वणी, पांढरकवडा किंवा राजुऱ्याकडील कुटुंबांनी हैदराबादचाही विचार करावा. पांढरकवड्याहून राष्ट्रीय महामार्ग ४४ सरळ तिकडेच जातो. पश्चिम विदर्भातील लोकांना मुंबईच सोयीची पडते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ पासून मुंबईला विमान सुरू झाले आहे, पण त्याच्या वेळा आणि वार आपल्या तारखेशी जुळले पाहिजेत. दिल्लीमार्गे तिकीट थोडे स्वस्त दिसले, तरी डिसेंबरच्या धुक्यात तेथे विमाने तासन्‌तास खोळंबतात, म्हणून तो मार्ग मुलांसह शक्यतो घेऊ नये.

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, तेव्हा १५ डिसेंबरच्या विदर्भ एक्सप्रेससाठी ऑक्टोबरच्या मध्यातच जागे राहावे लागते. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, मात्र स्वतंत्र बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे भरावे आणि ते भरण्यात काटकसर करू नये. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि जून २०२५ पासून नागपूर ते मुंबई पूर्ण खुला आहे. त्यावरून मोटारीने जायचे झाल्यास दिवसा जावे आणि दर दोन तासांनी थांबावे. रात्रभर गाडी चालवून पहाटेचे विमान गाठण्याचा बेत मुळीच करू नये. कोणत्याही मार्गाने गेले, तरी विमानाच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचून मुलांना एक रात्र सलग झोपू द्यावे. नागपूरमार्गे जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरातच असते. त्या काळात शहरातील खोल्या आणि मुंबईची विमाने दोन्ही महागतात. अशा वेळी नागपुरात आत्या किंवा मावशी असेल, तर तिचे घर कोणत्याही हॉटेलपेक्षा बरे.

विमानात दोन वर्षांखालील बाळ मांडीवर बसते. सहलीदरम्यान बाळाला दोन वर्षे पूर्ण होत असतील, तर परतीला त्याच्यासाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते. मुलांचे किंवा शाकाहारी जेवण हवे असल्यास ते किमान दोन दिवस आधी नोंदवावे. विमान उतरू लागले की झोपलेल्या मुलाला जागे करून दूध, पाणी किंवा चघळायला काही द्यावे. गिळण्याच्या क्रियेने कानातील दडा सुटतो.

प्रकृती

लसीकरणाचे कार्ड सोबत घ्यावे आणि गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले आहेत का, हे आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून तपासून घ्यावे. ताप, जुलाब आणि उलटीची औषधे मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन हा अफूवर्गीय घटक असतो आणि आखाती देशांत त्यावर कडक निर्बंध आहेत, म्हणून घरातील अर्धी बाटली उचलून नेऊ नये.

विदर्भातील कुटुंबांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात हा आजार अनेक समाजांत आढळतो आणि कित्येकांना आपण वाहक किंवा रुग्ण असल्याचे ठाऊकही नसते. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे सिकलसेलच्या रुग्णाला वेदनांचा तीव्र झटका येऊ शकतो. विमानाच्या आतील हवेचा दाब सुमारे दोन हजार मीटर उंचीवरील डोंगराएवढा असतो आणि ती हवा कोरडीही असते. मुलाची चाचणी झाली नसेल, तर ती सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्यावी. मूल रुग्ण असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तिकीट काढू नये, बर्फाचे आणि उंचावरचे प्रदेश टाळावेत, विमानात दर अर्ध्या तासाने पाणी पाजावे, हायड्रॉक्सीयुरियासारखी चालू औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवावीत आणि आजाराची माहिती देणारे इंग्रजी पत्र सोबत न्यावे. प्रवास विमा घेताना हा आजार लपवू नये; लपवला, तर ऐनवेळी दावा नाकारला जातो.

सामान आणि शिदोरी

दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, मुरमुऱ्याचा चिवडा आणि ज्वारीच्या लाह्या मुलांना पहिले दोन दिवस तारून नेतात. मात्र आपल्या स्वयंपाकघरातील दोन जिन्नस अडचणीत आणतात. खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, त्यामुळे दिवाळीचे उरलेले अनारसे किंवा खसखस घातलेला घरचा मसाला नेऊ नये. सुके खोबरे विमानाच्या सामानातून नेता येत नाही. शिवाय घरातील मोठ्यांनी खर्र्याची पुडी गावातच सोडावी. सिंगापुरात चघळण्याच्या तंबाखूवर बंदी आहे आणि खिशात विसरलेल्या पुडीबद्दलही जाब द्यावा लागू शकतो. युरोपात दूधदुभते आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, बाळाच्या दुधाच्या भुकटीला मर्यादित सूट आहे.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या साध्या कार्डावर परदेशात पैसे निघतील, या भरवशावर राहू नये. राष्ट्रीयीकृत बँकेचे आंतरराष्ट्रीय कार्ड घेऊन त्यावरील परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करून घ्यावेत, कारण ते आपोआप सुरू नसतात. थोडे परकीय चलन निघण्यापूर्वीच घ्यावे.

तेथे पोहोचल्यावर

दिवसाला एकच मोठे ठिकाण ठेवावे आणि दुपारची झोप मोडू नये. नाताळच्या रोषणाईच्या रस्त्यांवर गर्दी दाट असते, म्हणून रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढावा, त्याच्या खिशात हॉटेलचे कार्ड ठेवावे आणि मनगटावरच्या पट्टीवर देशाच्या क्रमांकासह पालकांचा मोबाइल लिहावा. घरी वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला स्वतःचे, आईचे आणि हॉटेलचे नाव इंग्रजीतून सांगण्याचा सराव दिवाळीपासूनच द्यावा.

टॅक्सीचेही नियम असतात. सिंगापुरात १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोटारीत योग्य आसनाची गरज असते. रस्त्यावरील टॅक्सीला यातून सूट आहे, पण अ‍ॅपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. दुबईत चार वर्षांखालील मुलासाठी असे आसन सक्तीचे आहे, तेव्हा गाडी ठरवतानाच ते मागावे.

परतल्यानंतर दोन आठवड्यांत मुलाला ताप आला, तर डॉक्टरांना कोणत्या देशातून आलो, हे आपणहून सांगावे. आग्नेय आशियात डेंग्यू वर्षभर असतो आणि डिसेंबर-जानेवारीत गावच्या दवाखान्यात तापाला आधी सर्दी-पडसेच समजले जाण्याची शक्यता असते. रक्ततपासणी होईपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे.